थंडीत सकाळी चालू न होणारी जुनी मारुती ८००: कार्ब्युरेटर उघडण्याआधी व्होल्टेज मोजा

लक्षण बहुतेकांचं सारखंच असतं. रात्री पारा दहाच्या खाली उतरला की सकाळी सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) जड फिरतो. चोक (थंड इंजिनात जाणारी हवा कमी करणारा दांडा) पूर्ण ओढला तरी गाडी नुसती खोकते, पेट घेत नाही. उतारावरून ढकलली की मात्र लगेच लागते, आणि मग दिवसभर काही कुरकुर नाही. गॅरेजमध्ये नेली तर बॅटरी बदलतात किंवा कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) धुऊन देतात. काही आठवडे बरे जातात आणि पुढच्या थंडीच्या लाटेत तेच सुरू होतं. निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात डिसेंबर-जानेवारीत पारा पाच-सहा अंशांवर आल्याच्या बातम्या येतात ना, त्या दिवसांत आमच्या भागात सकाळी सात वाजता गाड्या ढकलणारी माणसं हमखास दिसतात.

हे सगळं मी कार्ब्युरेटरवाल्या मारुती ८०० बद्दल लिहितोय. डिसेंबर १९८३ मध्ये आलेली, ७९६ सीसीची, तीन सिलिंडरची ही गाडी साधारण २००० पर्यंत कार्ब्युरेटरवर मिळत होती. म्हणजे रस्त्यावर असलेली प्रत्येक अशी गाडी आता पंचवीस वर्षांच्या आसपासची किंवा त्याहून जुनी आहे. तिची वायरिंगही तेवढीच जुनी. पद्मिनी, ॲम्बेसेडर किंवा जुनी पेट्रोल जिप्सी असेल तरी यातलं बहुतेक सगळं लागू पडतं.

माझं ठाम मत आहे की अशा दहातल्या सात-आठ गाड्यांमध्ये दोष कार्ब्युरेटरचा नसतो. इंजिन आणि बॉडीचं अर्थिंग (बॅटरीच्या ऋण टोकाकडे जाणारी करंटची परतीची वाट) आणि चावीच्या स्विचमधून कॉइलकडे (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारा भाग) जाणारी वायर, या दोन ठिकाणी व्होल्टेज गळतं. उन्हाळ्यात ते खपून जातं, थंडीत खपत नाही. कारण थंडीत सगळंच एकदम विरोधात जातं. बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते, तिची ताकद कमी होते. ऑइल घट्ट होतं, त्यामुळे सेल्फला जास्त करंट लागतो. पेट्रोलची वाफ नीट होत नाही, म्हणून ठिणगी नेहमीपेक्षा जोरदार हवी असते आणि नेमकी तेव्हाच ती कमजोर पडते.

ढकलल्यावर गाडी लागते यातच अर्धं निदान आहे. ढकलताना सेल्फ फिरत नसतो, बॅटरीवर भार नसतो, कॉइलला पूर्ण व्होल्टेज मिळतं. कार्ब्युरेटर तोच, पेट्रोल तेच, प्लग तेच. बदललं काय, तर फक्त कॉइलला मिळणारं व्होल्टेज आणि इंजिन फिरण्याचा वेग. दुसरी एक खूण याहून नेमकी आहे. सेल्फ मारत असताना गाडी पेट घेत नाही, पण कंटाळून चावी सोडली की त्याच क्षणी एक धक्का देऊन पेट घेते किंवा घ्यायला बघते. असं होत असेल तर सेल्फ फिरत असताना कॉइल उपाशी राहते आहे, हे जवळजवळ नक्की समजा. उलट, सेल्फ मारताना लागते आणि चावी सोडताच बंद पडते, असं असेल तर कॉइलसोबतचा रेझिस्टर (कॉइलचा करंट मर्यादेत ठेवणारा भाग) किंवा चावीच्या ‘ऑन’ जागेवरून येणारी वायर तुटलेली असते.

हत्यारं फार लागत नाहीत. साधा डिजिटल मल्टिमीटर, १० आणि १२ नंबरचे पाने, पॉलिश पेपर, वायर ब्रश आणि चावी फिरवायला घरातलं एक माणूस. काम सुरू करण्याआधी गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. हातातलं कडं, अंगठी, घड्याळ काढून ठेवा. बॅटरीच्या अधिक टोकाला लागलेला पाना बॉडीला टेकला तर क्षणात लाल होतो. बॅटरी सोडवताना आधी ऋण टोक काढायचं आणि लावताना ते सगळ्यात शेवटी. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तेव्हा तिच्यावर वाकून ठिणगी पडेल असं काही करू नका.

पहिलं माप बॅटरीचं, आणि तेही रात्रभर गाडी उभी राहिल्यावर, सकाळी दार उघडून दिवा लागण्याआधी. १२.६ व्होल्ट किंवा जास्त म्हणजे भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण. १२.२ म्हणजे अर्धी, आणि अर्ध्या बॅटरीवर थंडीत आशा ठेवू नका. आता कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि मीटर बघा. आकडा ९.६ च्या खाली घसरला तर बॅटरी कमजोर आहे किंवा सेल्फ प्रमाणाबाहेर करंट ओढतोय. चालू गाडीवर, इंजिनला थोडी रेस देऊन, टोकांवर १३.८ ते १४.५ च्या दरम्यान दिसलं पाहिजे. तेवढं येत नसेल तर आधी अल्टरनेटर आणि त्याचा पट्टा बघा, बाकीचं नंतर.

बॅटरी ठीक निघाली तर खरं काम इथून पुढे आहे.

बरेच जण वायर तपासताना मीटर ओहमवर किंवा ‘बीप’वर लावतात. बीप वाजला, वायर चांगली, विषय संपला. सेल्फच्या आणि अर्थिंगच्या जाड केबलसाठी ही पद्धत निरुपयोगी आहे. समजा गंजलेल्या जोडात फक्त ०.०१ ओहम अडथळा आहे. साधा मीटर तो दाखवणारच नाही, बीप खणखणीत वाजेल. पण सेल्फ शंभर अँपिअरच्या आसपास ओढतो, आणि शंभर गुणिले ०.०१ म्हणजे पूर्ण एक व्होल्ट त्या एका जोडात खलास. म्हणून केबल तपासायची ती करंट वाहत असताना, दोन टोकांमधलं व्होल्टेज मोजून.

गाडी चालू होऊ नये म्हणून कॉइलच्या अधिक टोकाची बारीक वायर काढून ठेवा, तिचं टोक टेपने झाका. मीटर डीसी व्होल्टवर. काळी सुई बॅटरीच्या ऋण टोकावर, म्हणजे क्लॅम्पवर नाही, मधल्या शिशाच्या खुंटावर. लाल सुई इंजिनच्या उघड्या धातूवर, रंग किंवा तेलकट थर नसलेल्या जागी. आता सेल्फ मारा, चार-पाच सेकंद पुरे. मीटरने ०.२ व्होल्टपर्यंत दाखवलं तर अर्थिंग चांगलं. ०.५ च्या पुढे गेलं तर चोर सापडला. मग लाल सुई तशीच ठेवून काळी सुई खुंटावरून क्लॅम्पवर आणा, पुन्हा सेल्फ मारा. आकडा एकदम कमी झाला तर दोष खुंट आणि क्लॅम्प यांच्यामध्येच आहे. नाही झाला तर सुई केबलच्या दुसऱ्या टोकाच्या थिंबलवर (केबलला दाबून बसवलेली धातूची कडी), मग बोल्टवर, असं पुढे सरकत जा. ज्या दोन जागांमध्ये आकडा उडी मारतो, तो जोड खराब.

हीच तपासणी अधिक बाजूलाही करा: लाल सुई बॅटरीच्या अधिक खुंटावर, काळी सेल्फच्या जाड बोल्टवर. इथे ०.५ पर्यंत चालतं. सेल्फला दर वेळी पाच-सात सेकंदांपेक्षा जास्त मारू नका आणि मध्ये अर्धा मिनिट थांबा, नाहीतर तपासण्याच्या नादात तो तापून जाईल.

अर्थिंगचा जोड खराब कसा दिसतो ते जवळून सांगतो, कारण वरून तो चांगलाच दिसतो. गिअरबॉक्सकडच्या बोल्टला लावलेली केबल, बोल्ट घट्ट, पाना फिरत नाही. बोल्ट काढला की थिंबलच्या खालच्या बाजूला करडा-हिरवा भुगा आणि त्याखाली चिवट काळा थर. थिंबलच्या दांड्यापाशी केबलचं आवरण थोडं फुगलेलं असतं. ते कटरने दोन बोटं मागे सोलून बघा. आतली तांब्याची तार तांबूस नसते, काळपट आणि ठिसूळ झालेली असते, बोटाने मोडते. बॅटरीचं ॲसिड तारांमधून आत झिरपत गेलेलं असतं. असं दिसलं तर घासून साफ करण्यात वेळ घालवू नका, केबलच बदला. जाड, बारीक तारांची केबल घ्या आणि थिंबल दुकानातच मशिनवर दाबून घ्या. हातोडीने ठोकून बसवलेलं थिंबल पुढच्या पावसाळ्यापर्यंतसुद्धा टिकत नाही. केबल चांगली निघाली तर थिंबल आणि ती जिथे बसते ती जागा दोन्ही पॉलिश पेपरने चकचकीत करा, बोल्ट कसा, आणि मग वरून व्हॅसलीनचा थर द्या. आधी व्हॅसलीन लावून मग कसायचं नाही.

बॅटरीपासून बॉडीला जाणारी बारीक अर्थिंगची वायरही विसरू नका. शिवाय इंजिन ते बॉडी अशी एक वेगळी जाड पट्टी मी सगळ्यांना टाकायला सांगतो. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे नेमलेली वाट बंद झाली की करंट मिळेल त्या वाटेने परततो. चोकची केबल, ॲक्सिलरेटरची केबल, क्लचची केबल, काहीही. चारदोनदा सेल्फ मारल्यावर डॅशबोर्डवरचा चोकचा दांडा कोमट लागत असेल तर दुसरी कुठली तपासणी करायची गरजच नाही. तुमचा सेल्फ चोकच्या केबलमधून अर्थ घेतोय. तिचं प्लॅस्टिक आतून वितळतं, मग चोक जाम होतो आणि लोक कार्ब्युरेटर दुरुस्तीला देतात.

आता कॉइल. काढलेली वायर परत लावा. डिस्ट्रिब्युटरच्या (ठिणगी एकेका प्लगला वाटणारा भाग) मधल्या भोकातली जाड वायर उपसून तिचं टोक इंजिनला घट्ट टेकवून ठेवा, म्हणजे गाडी लागणार नाही आणि ठिणगीला वाट मिळेल. सेल्फ मारताना आधी बॅटरीवर आणि मग कॉइलच्या अधिक टोकावर व्होल्टेज बघा. बॅटरीवर १० आणि कॉइलवर ९.६ असेल तर ठीक. बॅटरीवर १० आणि कॉइलवर ८ असेल, तर चावीचा स्विच किंवा वाटेतला एखादा कनेक्टर दीड-दोन व्होल्ट खातोय. काही कॉइलना सोबत रेझिस्टर असतो. तिथे माप रेझिस्टरच्या चावीकडच्या टोकावर घ्या, नाहीतर उगाच चुकीचा निष्कर्ष निघेल.

चावीच्या स्विचमध्ये इतका दोष का येतो? सेल्फच्या सोलेनॉइडला (सेल्फवरचा चुंबकी स्विच) ओढून धरायला लागणारा करंट त्याच बारीक संपर्कांतून जातो. वर्षानुवर्षं प्रत्येक सकाळी तिथे छोटी ठिणगी पडते, पितळ काळं होत जातं. मग कधी नुसता ‘टक’ आवाज येतो, सेल्फ फिरतच नाही. दोन-तीनदा चावी हलवली की फिरतो. स्विच बदलला तर प्रश्न सुटतो, पण नवा स्विचही त्याच वाटेने जाणार. त्यापेक्षा रिले (लहान करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) टाका. बाजारात मिळणारा साधा चार पायांचा रिले पुरतो. सोलेनॉइडवर येणारी मूळ बारीक वायर काढून रिलेच्या ८६ नंबरला लावा. ८५ नंबर चांगल्या अर्थला. ३० नंबरला बॅटरीच्या अधिक टोकावरून थेट वायर, बॅटरीच्या अगदी जवळ ३० अँपिअरचा फ्यूज लावून. ८७ नंबरवरून सोलेनॉइडच्या लहान टोकाला नवी वायर. ३० आणि ८७ साठी किमान २.५ चौरस मिलिमीटरची वायर वापरा, ४ ची मिळाली तर उत्तम. रिले पाणी उडणार नाही अशा जागी, पाय खाली करून बसवा. कॉइलच्या वाटेतही व्होल्टेज गळत असेल तर तिच्यासाठी असाच दुसरा रिले, १५ अँपिअरच्या फ्यूजने. रेझिस्टर असेल तर तो वगळून थेट कॉइलला बारा व्होल्ट द्यायचे नाहीत, कॉइल आणि पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे डिस्ट्रिब्युटरमधले संपर्क) दोन्ही जळतात.

एवढं झालं की निम्म्याहून जास्त गाड्या सकाळी लागायला लागतात. तरी लागली नाही तर ठिणगीच्या पुढच्या वाटेवर या.

डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढून उजेडात धरा. आतल्या बाजूला दोन टोकांमध्ये पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली तर ते झाकण बाद. ठिणगी त्या रेघेवरून पळते. दमट आणि धुक्याच्या सकाळी हा दोष जास्त जाणवतो, कोकणात तर पावसाळाभर. रात्री अंधारात बॉनेट उघडून कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा, प्लगच्या वायरवर निळ्या ठिणग्या नाचताना दिसल्या तर वायरचा अख्खा सेट बदला. काढताना एकेक काढा, किंवा आधी फोटो घ्या. फायरिंगचा क्रम १-३-२ आहे आणि दोन वायरींची अदलाबदल झाली की नवाच गोंधळ. जुन्या, पॉइंटवाल्या मॉडेलमध्ये पॉइंटची फट ०.४ ते ०.५ मिलिमीटर, प्लगची ०.७ ते ०.८. सकाळच्या फसलेल्या प्रयत्नानंतर लगेच प्लग काढा: ओला आणि पेट्रोलचा वास येणारा असेल तर पेट्रोल पोचतंय, ठिणगी नाही. कोरडा असेल तर पेट्रोलच पोचत नाही.

कोरडा असेल तरच कार्ब्युरेटरकडे जा, आणि तेव्हाही आधी उघडू नका. एअर फिल्टरचं झाकण काढा आणि घरातल्या माणसाला चोक पूर्ण ओढायला सांगा. आतली झडप पूर्ण मिटली पाहिजे. केबल जिथे लहान स्क्रूने पकडलेली असते तिथून ती सरकते, त्यामुळे दांडा पूर्ण बाहेर आणि झडप अर्धी उघडी, असं कितीतरी गाड्यांत सापडतं. दोन मिनिटांत नीट होतं. मग झडपेतून आत बघत ॲक्सिलरेटर दाबा, पेट्रोलची बारीक धार उडाली पाहिजे. उडत नसेल तर कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल नाही किंवा त्याचा छोटा पंप गेलाय. गाडी चार-पाच दिवस उभी असेल तर पेट्रोल उडून गेलेलं असतं, आणि मारुतीचा पेट्रोल पंप इंजिनवर चालणारा असल्याने भरायला वेळ लागतो. तेव्हा पाच-पाच सेकंदांचे दोन-तीन सेल्फ जास्त लागणं स्वाभाविक आहे. रोज चालणाऱ्या गाडीत असं होत असेल तर पंपाचा पडदा आणि टाकीकडून येणारे रबरी पाइप बघा.

या पाइपांबद्दल थोडं कळकळीने सांगायचंय. २०२३ पासून देशात २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळू लागलं. इथेनॉलची वाफ करायला पेट्रोलपेक्षा बरीच जास्त उष्णता लागते आणि ते जळायला हवा कमी लागते. म्हणजे जुन्या जेटवर (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोलचं बारीक भोक) मिश्रण पातळ होतं, हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं आणि थंडीत चोक पूर्वीपेक्षा जास्त वेळ ओढून ठेवावा लागतो. ते सवयीने जमतं. पण जुनं रबर इथेनॉलने फुगतं आणि चिरतं, आणि गरम इंजिनवर पेट्रोल गळणं म्हणजे आग. पाइप बोटांनी दाबून वाकवा, चीर दिसली किंवा चिकट लागला तर त्याच दिवशी बदला, इथेनॉलला टिकणारा मागून घ्या. क्लिपाही नव्या.

चोक ओढून फार वेळ सेल्फ मारला आणि पेट्रोलचा वास सुटला, तर चोक आत ढकला, ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरा आणि पाच सेकंद सेल्फ मारा. पंप करत राहू नका, आणखी ओलं होईल.

सगळं नीट असून दोन-तीन दिवसांनी बॅटरी उतरत असेल तर बंद गाडीत करंट कोण पितंय ते शोधा. मीटर १० अँपिअरवर लावून बॅटरीचं ऋण टोक आणि केबल यांच्यामध्ये जोडा, दारं बंद. मीटर असा जोडलेला असताना चावीला हात लावायचा नाही, सेल्फ मारला तर मीटरचा फ्यूज उडणार. ५० मिलिअँपिअरपर्यंत ठीक. २०० दिसले तर हिशेब करा: दिवसाला ४.८ अँपिअर-तास, आठवड्यात ३५ अँपिअर-तासांची बॅटरी जवळपास रिकामी. मग एकेक फ्यूज काढत जा, ज्याने आकडा पडतो ती शाखा. बहुतेक वेळा नंतर बसवलेला गाण्यांचा टेप, सेंट्रल लॉक किंवा रिव्हर्सचं म्युझिक सापडतं. हे बसवताना जोड असा केलेला असतो: मूळ वायर सोलून, नवी तिच्यावर पिळून, वर काळी चिकटटेप. उन्हात टेपचा गोंद वितळतो, जोड उघडा पडतो. असा प्रत्येक जोड कापा, तांबं चकचकीत लागेपर्यंत मागे या, क्रिंप करा आणि हीट श्रिंक स्लीव्ह चढवा. हेडलाइटला ६०/५५च्या जागी १००/९० वॅटचे बल्ब बसवलेले असतील तर तेही काढा किंवा रिलेवर घ्या. मूळ स्विच दहा अँपिअरच्या हिशेबाने बनलेला आहे, त्यातून सतरा गेले की दांडा वितळतो. वायरींवर उंदराचे दात दिसले तर त्या भागाची नळी पूर्ण उघडून बघा, कुरतडलेली वायर कधी एकटी नसते.

शेवटी, केबल चांगल्या, बॅटरी भरलेली, ऑइल कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच (धूर लपवायला घातलेलं जाड ऑइल नाही), आणि तरीही सेल्फ रडत फिरत असेल, तर सेल्फच थकलाय. हे काम मी घरी करायला सांगणार नाही. उतरवून ऑटो इलेक्ट्रिशियनकडे द्या, बुश (फिरत्या दांड्याला धरणारे आधार) आणि ब्रश (आतल्या फिरत्या भागाला करंट देणारे तुकडे) दोन्ही बदलायला सांगा, फक्त ब्रश नाही. बुश झिजला की आतला आर्मेचर (फिरणारा भाग) बाजूला घासतो आणि नवे ब्रश टाकूनही जडपणा जात नाही. बदलून आणला की बसवण्याआधी त्याचा बोल्ट जिथे बसतो ती गिअरबॉक्सवरची जागा घासून घ्या, कारण सेल्फचा अर्थ तिथूनच जातो.